तुम्ही कोणत्या कंपनीचे?

गावात पाय ठेवला की पहिला प्रश्न हाच. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कृषी सल्लागार म्हणून रुजू झालो, तेव्हापासून किती वेळा ऐकला याची मोजदाद सोडून दिली. "कुठल्याच नाही काका, आपल्याच शेतकऱ्यांच्या कंपनीचा," असं सांगितलं की उत्तर येतं, "म्हंजे कंपनीचेच की!"

राग येत नाही, कारण याआधी तीन वर्षं मी खरोखर एका कंपनीचा होतो. औषधं विकायचो. कृषी पदवीधर पोरगा, पाठीवर सॅक, डोक्यावर महिन्याचं टार्गेट. पान उलटून बघायच्या आधीच कोणती बाटली सांगायची ते ठरलेलं असायचं, आणि सोबत एक टॉनिक. त्यानं काय होतं विचारलं की "काळोखी येते" म्हणायचं, म्हणजे पानं गडद हिरवी दिसतात. काळोखी युरियानंही येते, हे काही आम्ही सांगायचो नाही.

आता पगार बाटलीवर नाही. त्यामुळे वाटलं होतं, खरं ते सांगायचं, लोक ऐकतील. साडेतीन महिन्यांत हा भ्रम बऱ्यापैकी उतरलाय.

सुरुवात बरी झाली होती. सोयाबीनच्या उगवणशक्तीपासून. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला होता, तो लोक विसरलेले नाहीत. सोयाबीन सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नाही, म्हणून घरचं बी तीन वर्षं वापरता येतं. फक्त त्याचं टरफल नाजूक, पोतं आदळलं तरी बी मरतं. म्हणून १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो पेरा, त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. फुकटचं काम. बैठकीला आलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन प्रत्यक्ष केलं ते बायकांनी. एका काकूंनी तर तीन पोत्यांचे तीन वेगळे गोणपाट ठेवले होते, कारण "एक पोतं पावसात भिजलेलं, त्याचं वेगळं बघावं लागंल." हे मी सांगितलं नव्हतं. पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या काकू नाहीत, त्यांचे मालक आहेत, आणि ते सुप्रभातचे फोटो टाकतात.

मग आलं खत. सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी शिफारस, शिवाय गंधक. मी हिशोब मांडला: डीएपीच्या रांगेत कशाला उभं राहता? एकरी तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट, अर्धं पोतं युरिया, वीसेक किलो पोटॅश. सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक, तेलबियांना तेच हवं. डीएपीत गंधक नाहीच. शिवाय डीएपीबरोबर नको असलेली दुसरी पिशवी गळ्यात मारतात, ती कटकट वाचते. फळ्यावर गणित चोख बसलं. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "डीएपीचं एक पोतं मोटरसायकलवर येतं. तुमची तीन कशावर आणू?"

त्यांचं शेत रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, जूनमध्ये काळ्या चिखलातून. टेम्पो जात नाही, बैलजोडी विकली. माझ्या गणितात वाहतूक नव्हतीच. शेवटी चार घरांनी मिळून एक ट्रॅक्टर केला, पाऊस पडायच्या आधी. बाकीच्यांनी डीएपीच आणलं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना चूक म्हणवत नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली होती. म्हणजे सव्वातीन एकर. आमच्या शिफारशी हेक्टरात लिहिलेल्या असतात, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की सव्वातीन एकरवाल्याला प्रयोग करायला कोपरा नसतो. त्याचा कोपरा म्हणजेच त्याचं शेत.

सगळ्यात अवघड सल्ला कोणता, तर "फवारू नका." तो बाटलीत भरून देता येत नाही. ऑगस्टमध्ये कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावले, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे. गुलाबी बोंडअळीचे पतंग सापळ्यात रोज आठ, असे सलग तीन रात्री आले तरच फवारणी, तोवर फक्त मोजायचं आणि डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करायच्या. एका शेतकऱ्याच्या सापळ्यात तीन, चार, दोन असे येत होते. म्हटलं, थांबा. तिसऱ्या दिवशी गेलो तर शेतात औषधाचा वास. शेजाऱ्यानं फवारलं, दुकानदारानं बाटली काढून दिली, यांनी पंप उचलला. मी जरा चिडूनच विचारलं, कामून? ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर आलं तरी तुम्हाला पगार, चुकलं तरी पगार."

यावर मी काय बोलणार होतो? २०१७ ला याच अळीनं राज्यातली कपाशी खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर मेले. दोन्ही भीती एकाच माणसाच्या डोक्यात आहेत. त्यात अळीची भीती मोठी ठरते.

आणि दुकानदार. त्याला शिव्या देणं सोपं आहे, मीही देत आलोय. पण तो जूनमध्ये बी-खत उधार देतो आणि सोयाबीन विकल्यावर घेतो. व्याज धरून घेतो, हे खरं. तरी बँकेत चार चकरा मारून जे होत नाही ते त्याच्या वहीत एका ओळीत होतं. ज्याच्या वहीत आपलं नाव आहे, त्यानं काढून दिलेली बाटली परत ठेवायची कशी? पुढच्या जूनला कोण उभं करेल? शेतकऱ्याला कळत नाही म्हणून तो दुकानदाराचं ऐकतो, असं आम्हा पदवीधरांना वाटतं. त्याला पक्कं कळतं. उधारी देणाऱ्याचा सल्ला नाकारायची त्याची ऐपत नाही, इतकंच.

म्हणून माझं मत असं बनत चाललंय की उधारीची सोय न करता नुसता सल्लागार नेमणं म्हणजे अर्धं काम. आमच्या मीटिंगमध्ये यावर तोडगा निघालाय: पुढच्या वर्षी आपलंच कृषी सेवा केंद्र टाकू. खतं स्वस्त मिळतील, उधारीही देता येईल, मी हात वर केलाच. घरी येताना मात्र पोटात गोळा आला. केंद्र आलं की माल येणार, माल आला की तो खपवावा लागणार, आणि कोणीतरी मला हळूच विचारणार, "या महिन्यात किती गेला?" मी त्याच खुर्चीत परत बसणार. विक्री आणि सल्ला वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा, माझा पगार दुकानाच्या गल्ल्यातून नको, असं लिहून दिलंय. बघू.

काल संध्याकाळी त्याच फवारणीवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. सापळे काढले नव्हते त्यांनी, मोजत होते.

"आज नऊ आले."

"काल?"

"सहा."

"मग अजून दोन रात्री मोजू. सकाळी मी येतो, डोमकळ्या बघू."

"या, पण आठच्या आत या. आठला दुकान उघडतं."