छिंगमिंग: तिथी, यमक आणि मेणबत्त्या

छिंगमिंगवरच्या चिनी कवितांबद्दलच्या लेखात हा चिनी पितरांचा सण चांद्र तिथीने येतो असं म्हटलंय, ते बरोबर नाही. सायन सूर्य (वसंतसंपातापासून मोजलेला) 15 अंशांवर आला की छिंगमिंग, म्हणून तो दरवर्षी 5 एप्रिलच्या आसपासच पडतो.

'छिंगमिंगच्या दिवसांत पावसाची रिपरिप' ही 28 अक्षरांची कविता (7 अक्षरांच्या 4 ओळी, चौथ्या अक्षरानंतर यती) लेखात बिनदिक्कत तांग राजवटीतला (7वं ते 10वं शतक) कवी दू मू याच्या नावावर टाकलीय. ती त्याच्या जुन्या संग्रहात नाही, त्यानंतरच्या दक्षिण सोंग राजवटीच्या काळात (12वं-13वं शतक) समोर येते. यमकही बघा. पहिल्या ओळीचं शेवटचं अक्षर 'फन' जुन्या यमककोशात एका गटात, तर दुसऱ्या-चौथ्या ओळींची 'हुन' आणि 'छुन' शेजारच्या गटात. आजच्या उच्चारात ते खपून जातं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या ओळीला अशी सूट उशिराच्या तांग काळापासून वाढली, सोंगमध्ये तर सर्रास. एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण नावापुढे प्रश्नचिन्ह हवंच.

लेखातून खरी वगळली गेलेली कविता तांग कवी हान होंगची 'हानशी', म्हणजे 'थंड जेवणाचा सण'. छिंगमिंगच्या आदल्या एक-दोन दिवसांत चूल पेटवायला बंदी, सगळं थंड खायचं (आपली शिळासप्तमी आठवेल). आणि कवितेत संध्याकाळी राजवाड्यातून मेणबत्त्या वाटल्या जातात, धूर शिरतो तो 'पाच सरदारां'च्या घरांत! वरवर जुन्या हान राजवटीच्या दरबाराचं वर्णन, पण टोमणा तांग दरबारातल्या मर्जीतल्या माणसांना, असं बरेच टीकाकार मानतात. निव्वळ वसंतवर्णन म्हणून वाचली तर शेवटची ओळ वाया जाते.