आभार मानावेत, पण जरा लांबून

कृतज्ञ व्हायचं तुमच्या मनाने घेतलंच असेल, तर पहिली खबरदारी ही घ्या: ज्याने तुमच्यासाठी खरोखर काही केलं आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. माणसाचे आभार मानले की तो माणूस लक्षात राहतो, आणि लक्षात राहिलेल्या माणसाचा फोन आला तर उचलावा लागतो. त्यापेक्षा विश्वाचे आभार माना. विश्वासारखा सोयीचा उपकारकर्ता नाही. त्याला घर बदलायचं नसतं, त्याच्या पोरीचं लग्न निघत नाही आणि महिन्याच्या पंचवीस तारखेला 'दोन हजार जमतील का बे?' असं ते विचारत नाही.

हे शिकवणारे मार्गदर्शक आता नागपुरातही येऊ लागले आहेत. सिव्हिल लाइन्सकडचा एखादा एसी हॉल, पुण्याहून आलेले सर (मुंबईचे असले तर फी जास्त), मांडीवर जाड पुठ्ठ्याची डायरी आणि डोळे मिटून तीन गोष्टी आठवायच्या. तुम्ही जरूर जा. 'वॉर्डाबाहेर रात्रभर माझ्यासोबत बसला होता' वगैरे अवघड विषय तिथे कोणी काढत नाही. सगळे जण श्वासाचे, सकारात्मक ऊर्जेचे आणि सूर्यकिरणांचे आभार मानतात. सूर्यकिरणांचे, मे महिन्यात, नागपुरात! बाहेर पारा ४५ अंशांच्या वर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून माणसं सावली शोधत फिरताहेत आणि आत साठ डोकी सूर्याला थँक्यू म्हणताहेत. पुण्याच्या माणसालाच हे सुचू शकतं.

चारचौघांत कोणी हसलं तर सांगा, याला अमेरिकेतल्या संशोधनाचा आधार आहे. तो आहेही. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे, आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला लावल्या आणि दुसऱ्या गटाला आठवड्याच्या कटकटी लिहायला लावल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं. इथवर ठीक होतं. पण २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नसती उठाठेव केली. ज्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत अशा एका माणसाला पत्र लिहा आणि ते स्वतः नेऊन द्या, असं त्यांनी लोकांना सांगितलं. तपासलेल्या उपायांमध्ये सुरुवातीला सगळ्यात जास्त आनंद यानेच दिला आणि तो महिनाभर टिकलाही. शिबिरात हा भाग गाळतात, ते बरंच करतात. डायरी उशाशी असते. माणूस शहराच्या पार टोकाला, हुडकेश्वरला राहतो.

आता छोट्या आनंदांकडे वळू. नागपुरात त्यांची कमतरता नाही, हीच खरी अडचण. सकाळी ठेल्यावर उभे राहिलात की पुढ्यात पोह्यांची प्लेट येते. वर हरभऱ्याचा लाल रस्सा, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. तुम्ही काही बोलायच्या आतच ठेलेवाला पुन्हा पळी बुडवतो आणि वरची तेलाची तर्री तेवढी अलगद काढून तुमच्या पोह्यांवर फिरवतो. का, ते त्यालाही सांगता येणार नाही. कदाचित रोजचा चेहरा म्हणून. अशा वेळी लगेच खायला लागणं हा अडाणीपणा झाला. आधी प्लेट उजेडात धरा. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'एक मिनिट हं भाऊ' म्हणा. तर्रीची चकाकी नीट आली पाहिजे. फोटोखाली 'लहानसहान गोष्टींतच खरं सुख' असं लिहा, दोन हात जोडलेले टाका आणि मग पहिला घास घ्या. तोवर पोहे थंड होऊन त्यांचा गोळा झालेला असेल. त्याबद्दल ठेलेवाल्याला बोल लावा: पहिल्यासारखी चव राहिली नाही.

मैत्रीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक नागपूरकराला एक मित्र असतो, ज्याच्याजवळ टेस्टर असतो. सोयीसाठी त्याला गुड्डू म्हणू. होळी झाली, ऊन तापायला लागलं की गुड्डूचा फोन येतो. 'काऊन बे, कूलर काढला का?' तुम्ही काढलेला नसतो. रविवारी सकाळी तो खिशात टेस्टर आणि पिशवीत नवी खस घेऊन दारात हजर. लोखंडी बॉडी दोघांनी धरून गच्चीवरून उतरवायची. जिन्याच्या वळणावर ती अडकते आणि जड बाजू हमखास गुड्डूकडे असते. मग ताट्या काढायच्या. गेल्या वर्षीच्या खशीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसून ती पापडासारखी कडक झालेली. जाळीची तार बोटात घुसते. पंप नुसताच घूं करतो, फिरत नाही. गुड्डू तो खोलतो, आतून एक वाळलेलं झुरळ काढतो, जुन्या ब्रशने पात्या घासतो, तोंडाने फुंकर मारतो. या काळात तुमचं काम नट सांभाळण्याचं. त्यातला एक तुम्ही हरवता. तोही गुड्डूच शोधतो, स्टुलाखाली. दुपारी एकच्या सुमारास टाकीत पाणी पडतं, पंखा सुरू होतो आणि नव्या खशीचा वास घेऊन पहिला गार झोत खोलीत येतो. गुड्डू त्यापुढे मिनिटभर उभा राहतो, शर्टाचं वरचं बटण उघडतो, ग्लासभर पाणी पितो आणि 'चल, निघतो' म्हणून चपला घालतो. त्याचा कूलर अजून त्याच्या गच्चीवरच आहे.

इथे नवशिका माणूस चुकतो. तो गुड्डूला जेवायला थांबवतो, नाहीतर त्याच्यासोबत त्याच्या घरी जायला निघतो. असं काही करू नका. दार लावा, झोतासमोर पाय पसरा आणि डायरी काढा. लिहा: 'आज मी गार वाऱ्याबद्दल कृतज्ञ आहे.'

तसं म्हटलं तर गुड्डूचे आभार मानणं शक्यही नसतं. 'थँक्यू यार' म्हणून बघा. तो दोन पावलं मागे सरकून तुमच्याकडे निरखून पाहील आणि विचारेल, 'तब्येत बरी आहे ना बे?' आपल्याकडे मित्राला शब्दांनी चुकतं करता येत नाही, त्यासाठी त्याच्या जिन्यावरून त्याचा कूलर उतरवावा लागतो. ही पद्धत फार मागास आहे. विश्वाने ती केव्हाच सोडून दिली.

श्रद्धेच्या बाबतीत मुख्य पथ्य हिशेबाचं. समजा मुलीची दहावी आहे. तुम्ही टेकडीच्या गणपतीला पाच किलो पेढे बोललात, कोराडीच्या जगदंबेची ओटी बोललात, शिवाय ऑफिसातल्या एकाने आग्रह केला म्हणून ताजबागेत बाबा ताजुद्दीनच्या दर्ग्यावर चादरही बोललात. (या बाबतीत नागपूरकर कोत्या मनाचा नाही. मागताना तो भेदभाव करत नाही.) निकाल चांगला लागला. आता श्रेय कोणाला द्यायचं? एकाकडे गेलात तर बाकीचे दोघे नाराज, म्हणून कोणाकडेच घाईने जाऊ नका. पाच किलोंचे पाव किलो करा. देव भावाचा भुकेला आहे, हे वचन याच प्रसंगासाठी आहे.

शेजारच्या काकूंचा प्रश्न तेवढा उरतो. त्यांनी वर्षभर, एक रुपया न घेता, संध्याकाळी स्वयंपाक आटोपून तुमच्या मुलीला भूमिती शिकवली. प्रमेय पाठ होईना तेव्हा पोळपाटावर पिठाने त्रिकोण काढून दाखवले. त्यांच्या हातावर एक पेढा ठेवा. 'टेकडीचा प्रसाद आहे' एवढंच म्हणा. म्हणजे आभार गणपतीचे आणि पोच काकूंना. काकूही भोळ्या, पेढा कपाळाला लावून घेतील.

एका ठिकाणापासून मात्र तुम्हाला सावध करणं भाग आहे. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीकडे फिरकू नका, तुमची सगळी साधना वाया जाईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसह धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून माणसं दर वर्षी येतात, जनरल डब्यांत उभ्याने, फडक्यात भाकरी बांधून. स्तूपापाशी माथा टेकतात. पाठ टेकायला जागा मिळेल तिथे झोपतात. अनोळखी लोक त्यांना रस्त्याच्या कडेला पंगतीत बसवून जेवू घालतात आणि वाढणारा कोण, हे जेवणाऱ्याला कळतही नाही. परत जाताना ही माणसं पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांच्या दुकानांसमोर अशी एखादी आजी दिसतेच, जिला स्वतःला वाचता येत नाही. ती मुखपृष्ठावरचा निळा कोट आणि चष्मा पाहून पुस्तक उचलते, पानं अंगठ्याने चाळते, कमरेच्या गाठीतून नोट काढते आणि 'नातीसाठी पाहिजे' म्हणते. आता यात पद्धतशीर असं काय आहे? डायरी नाही, डोळे मिटणं नाही, हॅशटॅग तर नाहीच. ज्याने शिका म्हणून सांगितलं, त्याचं ऋण शिकून फेडायचं म्हणे. अशी माणसं पाहिली की आपल्या शिबिराची फी आठवते आणि उगाच अपचन होतं.

उपकार फारच साचले तर उताराही आपल्याच गावात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं तिच्या गळ्यात घालतं. त्या गर्दीत हळूच 'गुड्डूचे उपकार घेऊन जा गे मारबत' असंही म्हणता येतं. इतवारीच्या त्या गोंगाटात कोणाला ऐकू जात नाही. अडचण एकच, तुमच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी गुड्डूच ओरडत असतो.

शेवटचा धडा, भेटवस्तू कशी स्वीकारावी. गुड्डूचं गाव काटोलकडे. दिवाळीच्या आगेमागे तो गावाहून येताना थैलाभर संत्री आणतो आणि पहिलं घर तुमचं घेतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे नाव ठेवण्याची आपली जबाबदारीही वाढली आहे. एक सोला, फोड तोंडात टाका, डोळे बारीक करा आणि म्हणा, 'आंबिया बहराची का? म्हणूनच. मृगाची असती तर गोष्ट वेगळी होती.' ज्ञानही दिसतं आणि आभारही टळतात. हे अगदीच खोटं नाही, मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी धरलेल्या फुलोऱ्याची फळं गोड निघतात असं बागाईतदारही सांगतात. पण ती यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. शिवाय बागेचं पाणी तोडून झाडाला ताण दिला तरच बहर धरतो. मित्रालाही अधूनमधून ताण द्यावा. गुड्डू काही बोलत नाही. 'असं का' म्हणतो, थैला उलटा करून संत्री तुमच्या टोपलीत ओततो, रिकाम्या थैल्याची घडी घालून काखेत मारतो आणि जातो.

हे सगळं नीट पाळलंत तर मार्चपर्यंत तुम्ही पुरेसे कृतज्ञ झालेले असाल. तीन डायऱ्या भरल्या असतील, आणि विश्वाशी तुमचे संबंध इतके घरोब्याचे झाले असतील की माणसांची फारशी गरज भासणार नाही. नेमक्या तेव्हाच, होळीच्या आसपास, एखाद्या शनिवारी रात्री फोन वाजेल.

'उद्या घरी आहेस का बे?'

लगेच हो म्हणायचं नाही. यंदा तो त्याच्याच कूलरसाठी बोलावत असेल, अशी पूर्ण शक्यता धरून चाला. आवाज जरा खोल काढा, कंबर धरली आहे असं सुचवा, सासरकडचं कोणीतरी येणार आहे असं पुटपुटा आणि मग विचारा, 'कशाला रे?'

'काही नाही. गावाहून मृगाची आली आहेत संत्री. तू म्हणत होता ना. देऊन जातो सकाळी.'

तेव्हा मग आहे म्हणा. आणि खसही घेऊन ये म्हणा.