क्रूझचे पैसे कसे वसूल करावेत

सेवानिवृत्तीचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळाले, उपदानाचे आणि रजा रोखीकरणाचे पैसे खात्यात पडले. शेगाव झाले, माहूर झाले. मुलीकडे पुण्याला पंधरा दिवस राहून झाले, आणि पंधराव्या दिवशी जावयाचा चेहरा पाहून परत येणेही झाले. आता दारव्ह्याच्या चहाटपरीवर एखादा जुना सहकारी मोबाइल पुढे धरतो: मुंबई ते लक्षद्वीप, पाच रात्री, जेवण फुकट. शेवटचे दोन शब्द वाचल्यावर तुमचे ठरलेच. तेव्हा गुरुजी, तयारी नीट करा. पुढचे सगळे काटेकोर पाळलेत तर रुपया न् रुपया वसूल होईल. समुद्र पाहायचे काम घरच्या बाईंवर सोपवा.

आधी तारीख. डिसेंबर ते मार्च अरबी समुद्र शांत असतो, म्हणून तेव्हा तिकीट महाग. शिवाय तेव्हाच तूर निघते, हरभरा निघतो, आणि बटईने दिलेल्या वावरात पोती मोजताना मालक हजर नसला की पोती कमी भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणून मेची अखेर धरा. तीस वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीतच प्रवास केलात, आता सवय कशाला मोडायची? पावसाळी वारे केरळच्या दारात पोचलेले असतात, लाटा वाढू लागलेल्या असतात आणि तिकीट बऱ्यापैकी उतरलेले असते. का उतरले, हे विचारत बसू नका.

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही दोघे एका केबिनमध्ये राहतील असे धरून, आणि सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीच्या केबिनचा. त्यावर बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. तुम्ही जाहिरातीतलाच आकडा गावभर सांगा. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर तो फुगलेला दिसला की एजंटशी तासभर भांडा. तो काही कमी करणार नाही, पण निघण्याआधीच आपण लुटलो गेलो ही भावना पक्की होईल, आणि पुढचे पाच दिवस तिच्यावरच काढायचे आहेत.

केबिन निवडताना बाल्कनीच्या नादाला लागू नका. "झोपायलाच तर जायचं हाय" हे वाक्य एजंटसमोर ठासून म्हणा आणि आतली केबिन घ्या. त्यातही जिचा नंबर कंपनीच ठरवते ती. असा नंबर बहुतेक कोणाला नको असलेलाच निघतो: एकदम पुढच्या टोकाला, किंवा वरच्या मजल्यावर जिथे रात्री एकपर्यंत नाचगाणे चालते त्याच्या बरोबर खाली. एसटीत मागच्या चाकाच्या मागे बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. खड्डा एकच, पण मधल्या सीटवरचा जागचा हलतो आणि शेवटच्या सीटवरचा टपाला डोके आपटतो. जहाजही पुढेमागे डोलते ते मधल्या भागाभोवती, त्यामुळे सर्वात कमी हेलकावे मधोमध आणि खालच्या मजल्यावर बसतात. ती जागा शहाण्यांनी सहा महिने आधीच घेतलेली असते.

आतल्या केबिनचा अंधार हा वेगळाच विषय आहे. दिवा मालवला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेच कळत नाही. पहाटेचे चार की सकाळचे नऊ, तेही नाही. खोली साधारण सव्वाशे ते दीडशे चौरस फुटांची, म्हणजे तुमच्या गावच्या घरातल्या देवघर आणि कोठीएवढी. न्हाणीघराचा उंबरठा मुद्दाम उंच ठेवलेला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या पेन्शनरांची बोटे नेमकी तिथे ठेचकाळतात. छोटी बॅटरी सोबत ठेवली किंवा टीव्हीवर जहाजाच्या समोरचे दृश्य मंद लावून ठेवले तर हे टळते, पण मग ठेच काय दाखवणार गावात? संडास हवेच्या दाबाने ओढून घेणारा असतो. बटण दाबताच जो आवाज होतो त्याने बाई पहिल्या दिवशी बाहेर धावत येतील. पाण्याची फवारणी असेलच असे नाही. एक प्लास्टिकचा मग नेणे हा या सगळ्या लेखातला एकमेव प्रामाणिक सल्ला समजा.

सामान बांधताना पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत तळाशी घाला. भर समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची, म्हणून या चारही वस्तू स्कॅनरवर दिसताच काढून घेतल्या जातात आणि उतरताना परत मिळतात, तुम्हाला रांग आठवली तर. ठेचा, पाटवड्या आणि दशम्यांचा डबाही न्याच. घरी शिजवलेले अन्न बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत, सीलबंद पाकिटे चालतात. चाळीस दशम्या रात्री जागून केलेल्या असल्या की तो डबा टेबलावर राहताना बाईंचे तोंड पाहण्यासारखे होते. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत टाका. ती बॅग धक्क्यावर सोपवायची असते आणि केबिनच्या दारात यायला तिला चार-पाच तास सहज लागतात. दुपारचा डोस चुकवण्याची इतकी सोपी सोय दुसरी नाही.

धामणगावहून रात्रीची गाडी अशी पकडा की सीएसएमटीला सकाळी उतरून त्याच दिवशी जहाजावर चढायचे. बॅलार्ड पिअरचा धक्का स्टेशनपासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. गाडी तीन तास थांबली तर काय, असे बाई विचारतील. त्यांना सांगा, इतके मोठे जहाज दोन माणसांसाठी थांबणार नाही का? नाही थांबत. सुटण्याच्या तास-दोन तास आधी दार बंद होते आणि यादीतले न आलेले प्रवासी गैरहजर धरले जातात.

चढल्याबरोबर मस्टर ड्रिल असते. मस्टर म्हटले की सही करून वर्गावर जायचे, एवढे तुम्हाला माहीत. इथले मस्टर वेगळे आहे: भोंगा सात वेळा छोटा आणि एक वेळा लांब वाजला की कोणत्या जागी जमायचे आणि जीवनरक्षक जाकीट कसे बांधायचे, ते दाखवतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे क्रूझचे जहाज आडवे झाले आणि ३२ माणसे गेली. त्यात नुकतेच चढलेले काही प्रवासी असे होते, ज्यांची ड्रिल झालीच नव्हती. तेव्हापासून ड्रिल सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम आला. तुम्ही त्या वेळेत बफेची रांग गाठा. पोरांना आयुष्यभर घंटेवर उभे केले, आता आपण कशाला?

बफेकडे आलोच आहोत तर इथे जरा थांबू. आपल्याकडे लग्नात पंगतीची शिस्त गेली आणि बफे आला, तेव्हापासून ताटात गुलाबजामावर वांग्याची भाजी टाकण्याचा सराव सगळ्यांना आहेच. जहाजावर हेच दिवसातून पाच-सहा वेळा करायचे. सकाळी सातला पहिला हल्ला, अकराला दुसरा, एकला जेवण, चारला चहासोबतचे, रात्री दोनदा. प्रत्येक वेळी मनात हिशेब ठेवा की तिकिटातले किती फिटले. दारात हात धुवायला सांगणारा पोरगा उभा असेल. त्याच्याकडे दुर्लक्ष करा आणि बाटलीतले दोन थेंब हाताला चोळून आत शिरा. जहाजांवर जुलाब-उलटीची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्या थेंबांना फारसा जुमानत नाही, साबण-पाण्याने वीस सेकंद घासल्यावरच तो हातावरून जातो. वाढून घ्यायचा चिमटा मात्र सगळे तोच धरतात.

फुकट काय नाही, हे कळायला शेवटचा दिवस उजाडावा लागतो. चढताना एक कार्ड देतात. तेच किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. थंड पेय, चांगली कॉफी, वायफाय, धुलाई, मालिश, फोटोवाल्याने काढलेला फोटो, सगळे त्याच्यावर. पैसे हातातून जात नाहीत म्हणून खर्च होत नाही असे वाटते. उधारीच्या वहीसारखेच आहे, फक्त इथे वही दुकानदाराकडे आणि सही तुमची. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकू नका. किनारा दिसेनासा झाला की फोन जहाजाचे उपग्रहाचे नेटवर्क आपोआप पकडतो, आणि त्या दरात गावाकडे "पोचलो जी, जेवलो, हो हो, सगळं फुकट हाय" एवढे बोलणे चांगलेच महागात पडते.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी घ्या, आधी नको. प्रोमेथाझिनची गोळी, मेडिकलवाल्याला अ‍ॅव्होमिन म्हटले की कळते, ती जहाज सुटण्याच्या दीड-दोन तास आधी पोटात जावी लागते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही. तिच्याने गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घ्यायची नसते, म्हणून शेजारच्या केबिनवाल्याकडून मागून घ्या. मळमळीचे कारण साधे आहे: आतला कान म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात भिंत तर जागच्या जागी आहे. उघड्या डेकवर जाऊन दूर क्षितिजाच्या रेषेवर नजर ठेवली की दोघांचे भांडण मिटते. तुम्ही केबिनमध्येच पडून मोबाइलवर गावच्या ग्रुपचे मेसेज वाचा.

डेकवरच्या खुर्च्या पहाटे सहाला टॉवेल टाकून अडवा. एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ऊन? यवतमाळच्या ४५ डिग्रीत वाढलेल्या माणसाने ३१ डिग्रीला काय भ्यायचे! टोपी नको, मलम नको. समुद्रावर वारा सतत असतो, त्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. पाण्यावरून उलटलेला प्रकाश हनुवटीच्या खालूनही लागतो. आपल्याकडे मेच्या दुपारी माणूस सावलीला जातो, इथे पैसे दिलेत म्हणून बसून राहतो. संध्याकाळी टकलाला हात लावून पाहा. खर्ऱ्याची पुडी असेल तर बाल्कनीवाल्या नव्या मित्राच्या कठड्यावरून थुंका. जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरने, पुढे जात असते. ते जे काही असेल ते मागच्या बाल्कनीत कोण बसले आहे ते शोधून काढते.

लक्षद्वीपला जहाज धक्क्याला लागत नाही. बेटांभोवती प्रवाळाचे उथळ पट्टे आहेत, म्हणून ते बाहेर उभे राहते आणि लहान बोटीने नेतात. लाटा वाढल्या तर ते रद्द होते, आणि त्या दिवशी बेट लांबूनच पाहायचे असते, कारण तिकिटाच्या बारीक अक्षरात तसे लिहिलेले असते. मे अखेर निवडली ती यासाठीच. समजा नेलेच, तर जहाजाच्या कडेच्या छोट्या फलाटावर उभे राहून नीट पाहा: लहान बोट लाटेबरोबर हात-दीड हात वर येते, खाली जाते. खलाशी तुमचा दंड कोपराजवळ धरतो, बोट वर येऊन फलाटाशी बरोबर झाली की म्हणतो, "आता". त्या क्षणी एक पाऊल टाकायचे, बस. तुम्ही त्याचा हात झटका, "सोड रे, अजून म्हातारा नाही झालो" म्हणा आणि बोट खाली जात असताना उडी मारा. गुडघ्याची जुनी तक्रार नव्याने ओळख करून देईल. बाई लुगड्याचा काठ एका हाताने धरून, खलाशाच्या शब्दावर, पहिल्याच खेपेला बरोबर उतरतील. रोज विहिरीच्या काठावर उभे राहून पाणी ओढलेले पाय आहेत ते.

३६ बेटांपैकी १० वर वस्ती आहे, आणि वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. हे ऐकून वर्ध्याच्या मित्रांना घरच्यासारखे वाटेल. वाळूवर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा खिशात घाला, शोकेससाठी. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच यादीत घातले आहे, त्यामुळे तुमचे नाव एका वजनदार प्रकरणात येईल.

शेवटच्या रात्री मोठी बॅग केबिनबाहेर ठेवायची असते, ती सकाळी धक्क्यावर मिळते. सगळे कपडे घडी घालून तिच्यात भरा, चप्पलसुद्धा. सकाळी बनियन आणि लुंगीवर मुंबई बंदरात उतरताना फोटो चांगला येतो. तेवढ्यात दाराखालून बिल सरकवतात. चष्मा लावून एक एक ओळ वाचा, प्रत्येक सही आपलीच आहे हे पटेपर्यंत.

पहाटे सहाला तुम्ही खुर्ची अडवत होतात, तेव्हा बाई खालच्या डेकच्या कठड्याशी उभ्या असतात. पाच दिवस चूल नाही, पाणी नाही, कोणाचा डबा नाही. पाण्यातून चांदीच्या टाचणीसारखे उडते मासे निघतात, लांबवर तरंगत जातात आणि परत बुडतात. "अहो, पाहा नं जी!" अशी हाक येईल. तुम्ही जाऊ नका, नाश्ता सातला सुरू होतो आणि रांग आत्ताच लागली आहे.

घरी परतल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटेल. कानाला बोटीची सवय झालेली असते, ती मोडायला वेळ लागतो. त्यासाठी यवतमाळच्या डॉक्टरकडे जायची गरज नाही. संध्याकाळी लोक येतील. काय काय खाल्लं, ते विचारतील. तुम्ही यादी सांगा, वारासकट. एखाद्याने चुकून बाईंना विचारले, "काकू, समुद्र कसा होता जी?" तर उत्तर तुम्हीच द्या: "पाणीच पाणी, अजून काय!" त्या ओट्याच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसलेल्या असतील, किंचित डोलत. त्यांना चहा ठेवायला सांगा. उठल्या नाहीत, तर लायटर गॅसच्या डाव्या अंगाला आहे आणि पत्तीचा डबा वरच्या फळीवर, साखरेच्या मागे.