'शिकवण्याआधी स्वतः शिकावं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

'हिशेबतपासनीस' यांस,

एक्सेलमध्ये थकीत कर्जदारांच्या ओळी आपोआप लाल कशा करायच्या (म्हणजे अट लावून रंग देणं, कंडिशनल फॉरमॅटिंग), या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सूत्र निवडीच्या वरच्या डाव्या सेलला धरून लिहायचं, असं लेखात म्हटलंय. चूक. एक्सेल ॲक्टिव्ह सेल धरतं. लेखाप्रमाणे केलं तर माझं जवळजवळ सगळं शीट लाल झालं. रिकामे सेल, आयकॉन सेट यांचा पत्ताच नाही. शिकवण्याआधी स्वतः शिकावं."

वाचल्याबद्दल आभार.

आधी ते शेवटचं वाक्य. एक्सेल 2003 पर्यंत एका सेलला तीनच अटी लावता यायच्या. त्या काळात मी एका पतसंस्थेत थकबाकीचे तक्ते करत होते आणि चौथा रंग हवा असला की मॅक्रो लिहीत बसत होते. 2007 मध्ये ती मर्यादा उठली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्यांना $डी2 आणि डी$2 यातला फरक (पहिल्यात स्तंभ पक्का, दुसऱ्यात ओळ) मीच समजावला. हे मिरवायला सांगत नाहीये. पण टोपणनावाआडून 'शिकावं' म्हणणाऱ्याला समोर कोण आहे याची थोडी कल्पना असलेली बरी.

आणि ते "चूक." एका शब्दाचं वाक्य, पुढे पूर्णविराम. मास्तरांनी वहीवर फुली मारावी तसं. "एक बाब राहिली आहे" असंही लिहिता आलं असतं की! मराठीत एक्सेलवर लिहिणारे मुळात किती, त्यात त्यांना असं हाणायचं, आणि मग मराठीत तांत्रिक लेखन होत नाही म्हणून गळाही काढायचा.

आता मुद्दा. माऊसने ए2 पासून डी41 पर्यंत, म्हणजे वरून खाली ओढलंत, तर ॲक्टिव्ह सेल, म्हणजे जिथून ओढायला सुरुवात केली तो, ए2 च असतो. तोच वरचा, तोच डावा. चारचौघे असंच निवडतात आणि लेख चारचौघांसाठी होता. गूगल शीट्समध्ये तर सूत्र दिलेल्या रेंजच्या वरच्या डाव्या सेललाच धरून चालतं. तिथे माझं वाक्य अक्षरशः खरं आहे.

तुम्ही बहुधा डी41 पासून वर ए2 पर्यंत ओढलंत. मग ॲक्टिव्ह सेल डी41, आणि 'डी स्तंभातली तारीख आजच्या आधीची आहे का' हे विचारणारं लेखातलं सूत्र, =$डी2<टुडे() याचा अर्थ 'माझ्यापेक्षा 39 ओळी वर बघ' असा झाला. 41 वी ओळ 2 ऱ्या ओळीकडे बघते. 40 वी 1 ल्या ओळीकडे, तिथे शीर्षक, म्हणून ती कोरी राहते. 39 वीला वर जागाच उरत नाही, तेव्हा एक्सेल वळसा घालून शीटच्या तळाशी, 1048576 व्या ओळीवर जातं. तिथला सेल रिकामा. रिकाम्याची किंमत शून्य. शून्य आजच्या तारखेपेक्षा लहानच. झाली लाल! तिच्या वरच्या सगळ्या ओळींची तीच गत. तुमचं "जवळजवळ" इथून आलं असणार. सूत्र लिहिण्याआधी डावीकडच्या नेम बॉक्समध्ये कोणता पत्ता दिसतोय ते बघायचं. नको तो असेल तर कंट्रोल धरून टिंब दाबलं की ॲक्टिव्ह सेल निवडीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरतो. एवढं बघायला कुणी मनाई केली नव्हती.

एक मान्य करते. लेखातल्या चित्रात नेम बॉक्स कापला गेलाय. नवीन चित्र टाकते.

बाकीचं किरकोळ. रिकाम्या सेलसाठी ॲण्ड($डी2<>"",$डी2<टुडे()) लिहा, संपलं. आयकॉन सेट, डेटा बार आणि कलर स्केल (सेलमध्ये खुणा, पट्ट्या आणि रंगछटा दाखवणारे प्रकार) यांच्या निकषात सापेक्ष संदर्भ, म्हणजे सेलगणिक सरकणारे पत्ते, एक्सेल घेतच नाही, तसा संदेश देऊन अडवतं. जे चालतच नाही ते सापेक्ष संदर्भांवरच्या लेखात का घालू?

तरीही रंग चुकले तर शीट पाठवा, बघते. फक्त सभासदांची नावं आणि खाते क्रमांक काढून पाठवा. हेही सांगावं लागतं म्हणून सांगितलं.