दक्षिण टिरोल: सलोखा नियमांवर उभा आहे
भाषिक हक्कांचा विषय निघाला की दक्षिण टिरोलचं उदाहरण हमखास येतं. तिथे तीन भाषांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात, एवढं सांगून बोलणारे थांबतात. मी त्याचं श्रेय नियमांना देईन.

इटलीच्या उत्तर टोकाचा हा आल्प्समधला मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली. १९४६ च्या इटली-ऑस्ट्रिया पॅरिस कराराने जर्मन भाषकांना संरक्षण कबूल झालं, पण १९४८ ची स्वायत्तता दिली ती शेजारच्या इटालियन भाषक ट्रेंटो प्रांताला जोडून. त्या एकत्र प्रदेशात बहुमत इटालियन भाषकांचं, त्यामुळे जर्मन भाषकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, १९६१ मध्ये जर्मन भाषक फुटीरवाद्यांनी विजेचे मनोरे स्फोटांनी पाडले, आणि १९७२ मध्ये कुठे खरे अधिकार दक्षिण टिरोल प्रांताकडे आले. आज तिथल्या करांचा सुमारे नऊ दशांश वाटा प्रांताकडेच राहतो. पैसा नसता तर बाकीची कलमं शोभेची ठरली असती.

२०११ च्या जनगणनेत जर्मन भाषक ६९.४ टक्के, इटालियन २६ आणि लादिन (तिथल्या काही खोऱ्यांतली छोटी भाषा) ४.५ टक्के होते. सरकारी नोकऱ्या ताज्या जनगणनेतल्या अशा प्रमाणात वाटल्या जातात. त्यासाठी प्रत्येकाने आपला भाषिक गट लेखी जाहीर करायचा. तो कागद बंद लिफाफ्यात प्रांताची राजधानी बोल्झानोच्या न्यायालयात राहतो आणि नोकरीसाठी तिथूनच दाखला मिळतो. गट बदलता येतो, पण बदल लगेच लागू होत नाही. नाहीतर जागा बघून लोकांनी गट बदलले असते. वर जर्मन आणि इटालियन दोन्हींची परीक्षा, पदानुसार युरोपीय मोजपट्टीवर ए-२ (प्राथमिक) ते सी-१ (प्रगत) पातळीची. ही अट डॉक्टरांनाही आहे, म्हणून बाहेरून डॉक्टर आणणं अवघड जातं. तरी मी अटीच्या बाजूने आहे: दुखणं आपल्या भाषेत सांगता येणं हा रुग्णाचा हक्क आहे.

शाळांबाबत मात्र माझा विरोध आहे. जर्मन आणि इटालियन शाळा वेगळ्या, दुसरी भाषा फक्त एक सक्तीचा विषय. लादिन खोऱ्यांत, म्हणजे गार्डेना आणि बादियात, निम्मे विषय जर्मनमधून, निम्मे इटालियनमधून, शिवाय आठवड्याला काही तास लादिन. जर्मन पुढाऱ्यांना भीती वाटते की मिश्र वर्गात आपली भाषा मागे पडेल. मुसोलिनीचा काळ पाहिलेल्या समाजाची ही भीती खोटी नाही, म्हणून वेगळ्या शाळा बंद करा असं कोणी म्हणू नये. पण बोल्झानो शहरात इटालियन भाषक बहुसंख्य आहेत. आई जर्मन, बाप इटालियन अशा घरातल्या मुलाला तिथे लादिन पद्धतीची शाळा निवडता यायला हवी. शाळांची भाषा ठरवणारं स्वायत्तता कायद्याचं १९ वं कलम त्यासाठी थोडं सैल करावं लागेल, आणि ते करावं.