रिपीट कर, रिपीट कर! दुसरं काही सांगता येत नाही का?

डोकं फिरलंय माझं. काल रात्री ताईचा फोन आला. भाचीची मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दुसऱ्यांदा गेली आणि क्लासवाल्यांनी सांगितलं, "अजून एक वर्ष द्या, नक्की होईल." हेच त्यांनी गेल्या वर्षीही सांगितलं होतं! शब्दसुद्धा बदलत नाहीत ही माणसं. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अट नाही, म्हणजे यांना दरवर्षी फी घ्यायला मोकळं रान.

लातूरला तिच्या खोलीवर गेलो होतो. चार मुली, चार कॉट. भिंतीवर स्केचपेनने लिहिलेलं मार्कांचं टार्गेट, '६५०+'. बायोलॉजीच्या पुस्तकाची पानं सेलोटेप लावून लावून जाड झालेली. मी विचारलं, "बाळा, एमबीबीएस नाही झालं तर काय करायचं ठरवलंयस?" पोरगी घाबरून बघायला लागली. दोन वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, हे तिला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. गेल्या वेळी कॅप, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीचा, फॉर्म भरताना दाजींनी फक्त ग्रुप ए ठेवला, म्हणजे एमबीबीएस आणि बीडीएस. ग्रुप सी मध्ये फिजिओ आहे, ऑक्युपेशनल थेरपी (पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं) आहे, ऑडिओलॉजी (ऐकण्याच्या दोषांवरचं काम) आहे, आणि त्याच नीटच्या मार्कांवर मिळतं! पण म्हणे "तो साईडचा कोर्स." साईडचा? पॅरालिसिस झालेल्या माणसाला पुन्हा पायावर उभं करायला महिनोन् महिने कोण झटतं, जाऊन बघा एकदा.

मी स्वतः बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी केलीय, डायलिसिसमध्ये. तीन वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री. सकाळी सातला पहिली शिफ्ट लागते. पेशंटचं वजन घ्यायचं, फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवून थ्रिल, म्हणजे रक्ताची थरथर, लागतोय का बघायचं, दोन जाड सुया टोचायच्या आणि पुढचे चार तास नजर हलवायची नाही. मध्येच बीपी खाली आलं की पेशंट घामाघूम होतो, डोळे फिरवतो. त्या क्षणी त्याच्याजवळ मीच असतो. तो माणूस आठवड्यातून तीनदा येतो, वर्षानुवर्षं येतो. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला घरपोच आली होती. आणि आमच्याच घरातली माणसं चारचौघांत माझी ओळख "दवाखान्यात आहे कुठेतरी" अशी करून देतात. अंगाची लाही होते माझ्या.

२०२१ साली संसदेत कायदा झाला. फिजिओ, लॅब, रेडिओलॉजी, ऑप्टोमेट्री (डोळ्यांची तपासणी), ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, आहारतज्ज्ञ या सगळ्यांसाठी राष्ट्रीय आयोग आला. कायद्याला कळलं, पण बारावीच्या वर्गात उभ्या असलेल्या मास्तरांना अजून कळलेलं नाही. अकरावीला सायन्स घेतल्याबरोबर पहिल्या महिन्यात हे सगळे कोर्स फळ्यावर लिहून द्यायला किती वेळ लागतो? एक तास! कोणता कोर्स किती वर्षांचा, प्रवेश कशावर, इंटर्नशिप किती, एवढं लिहा. तो एक तास मिळाला नाही म्हणून माझ्या भाचीची दोन वर्षं गेली, आणि वर आता तिलाच वाटतंय की आपणच ढ आहोत. ती ढ नाही हो! दहावीत असताना आजीला इन्सुलिनचं इंजेक्शन तीच द्यायची, रोज, न चुकता, आणि आजी दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

ताईला स्पष्ट सांगितलंय. क्लासला एक रुपया भरायचा नाही. रविवारी मी येतोय, दाजींनाही घरी थांबायला सांग, फॉर्म माझ्यासमोर भरला जाईल आणि ग्रुप सी वर खूण पोरगी स्वतःच्या हाताने करेल.