दोन दारं वाढली अन् माझी थार ‘नमुना’ झाली

‘नमुना’ म्हणल्या. सासूबाईंनी माझ्या थारला, महिंद्राच्या दोन दारांच्या जीपला, नमुना म्हणलं. तेही रागानं नाही, अगदी मायेनं, धोंडे वाढता वाढता. “आता कशी बरोबर गाडी काढलीय बगा कंपनीनं. ती पहिली तुमची म्हणजे नमुना काढून बघितला असंल.”

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे 2023 च्या अधिक श्रावणात, ह्याच बाईनं ह्याच नमुन्याला हळदकुंकू लावलं होतं. तेव्हा गाडी नवी होती. वेशीपासून पोरं मागं पळत आली होती. मामा, म्हणजे सासरे, सगळ्यांना सांगत होते, “थोरले जावई थार घिऊन आलेत.” बरोबर आहे. तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला आणि आमचे धाकटे साडू पाच दारांची थार घेऊन आले. थार रॉक्स. म्हणजे नावात शेवटी एका एक्सनं भागलं नाही, दोन लावलेत.

आता झालं काय ते सांगतो, कारण रविवारपासून माझ्या घशाखाली काही उतरेना.

जेवणं झाली. टळटळीत ऊन. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, ठरवलं की आलोच आहोत सगळे तर तुळजापूरला जाऊन येऊ, येताना लेकी-जावई तिकडूनच आपापल्या घरी. औश्यावरनं रस्ता चांगला आहे, तासाभराचा मामला. मी उठलो, किल्ली हातात घेतली. पुढचं सीट पुढं सरकवून पाठ वाकवून ठेवली, मामींना वाट करून दिली. म्हणजे ही सवय आहे हो. तीन वर्षं मी हेच करतोय, दारवानासारखा. तर मामी माझ्याकडं न बघता सरळ रॉक्सकडं गेल्या. मागचं दार. त्याची मूठ उभी, वर खांबाला बसवलेली. मामींना ती पहिल्यांदा सापडलीच नाही, ते बघून मला बरं वाटलं. चार सेकंद. मग साडूच्या पोरानं दार उघडून दिलं, आजी पायरीवर पाय ठेवून आत गेली, टेकली आणि म्हणाली, “आगं बया, हितं तर मांडी घालून बसता येतंय.”

मांडी घालून! थारमधे!

मागं मामी, मेव्हणी आणि माझी बायको. हो, माझी. सख्खी. मी बघितलं तिच्याकडं, तर म्हणे, “आईजवळ बसते जरा, किती दिवसांनी भेटलो.” पहाटेपासून आईजवळच होती. पुढं मामा, लेकरं ह्याच्या-त्याच्या मांडीवर. आणि मी? मी किल्ली घेऊन उभा. तर साडू काच खाली करून, गार वाऱ्यात बसून म्हणतो कसा, “साडूभाऊ, सामान तेवढं तुमच्याकडं ठिवा. माणसं हिकडं बसतेत.”

म्हणजे मी सामानाचा टेम्पो. मागचं सीट आडवं केलं. ज्वारीचं अर्धं पोतं, लोणच्याची बरणी, दोन्ही जावयांच्या आहेराच्या पिशव्या, पाण्याचा जार, आणि अनारशांचे दोन डबे, तेहतीस-तेहतीसचे. त्याचे तेहतीस पण माझ्याच गाडीत! तुळजापूरपर्यंत पुढं साडूची गाडी, मागं मी. समोरच्या काचेतून मला माझ्या बायकोचं डोकं दिसत होतं, हसत हलणारं. माझ्या शेजारच्या सीटवर जार होता. त्याला बेल्ट लावला होता मी, नाहीतर ती टूं टूं बंद होत नाही.

आणि औसा मागं पडलं नाही तोवर त्यानं सनरूफ उघडलं. दुपारचे दोन. ज्या महिन्यात लातुरात कुत्रंसुद्धा उन्हात रस्ता ओलांडत नाही, त्या महिन्यात ह्या माणसानं डोक्यावरचं छप्पर उघडून एसी लावला. दोन लेकरं मुंडकी वर काढून माझ्याकडं बघत टाटा करत होती. ते पोलिसांना दिसत नसतं का? मला मात्र हेल्मेट डिकीत होतं म्हणून पावती फाटली होती, तेव्हा बरोब्बर दिसलं होतं. असो, ते वेगळं.

मुद्दा असा की ही थार आहे का? मला सांगा. विलीजची मूळ जीप 11 फुटांची. ती 1949 साली मुंबईत माझगावला जोडायला लागले, तिथून हा सगळा वंश सुरू. 2020 च्या 15 ऑगस्टला जी नवी थार दाखवली ती 3985 मिलिमीटर, 13 फूट. तिथपर्यंत ठीक, पोरगं बापापेक्षा उंच निघतंच. मग 2024 च्या 15 ऑगस्टला ही रॉक्स. 4428 मिलिमीटर. साडेचौदा फूट. हातभर वाढली. दोन चाकांमधलं अंतर 2450 चं 2850 झालं. बरं, खालचा सांगाडा कुठला? स्कॉर्पिओ-एनच्या घराण्यातला. मग स्कॉर्पिओ घ्या की! स्कॉर्पिओला थारचं तोंड लावून वर थंड हवेची सीटं, भिंतीएवढं स्क्रीन आणि काचेचं छप्पर. ह्याला ओळख जपणं म्हणत नाहीत. पैलवानाला शालू नेसवून मांडवात बसवणं म्हणतात.

थार म्हणजे काय होतं? थार म्हणजे ‘नाही’ म्हणायची हिंमत असलेली गाडी. मागं बसायचंय? वाकून या. काच खाली करायचीय? मागच्याला नाही करता येत. सामान? मांडीवर. ही गाडी घरच्यांच्या सोयीसाठी काढलेलीच नव्हती, आणि तेच तिचं पाणी होतं. मी घेतली तेव्हा शोरूमवाला पोरगा मला म्हणाला होता, “सर, दोनच दारं, म्हणून तर थार.” मी तेच वाक्य तीन वर्षं पाठ म्हणत आलोय. बायकोला, आईला, मामींच्या गुडघ्यांना. “जीप अशीच असते,” म्हणायचो. “सोय पाहिजे तर व्हॅन घ्या.” आता कंपनीनंच दारं दिली म्हणल्यावर मी घरी कुठल्या तोंडानं बोलायचं?

हे सगळीकडंच चाललंय म्हणा. इंग्लंडात 1959 साली मिनी निघाली, 10 फुटांची. तिच्या नावातच मिनी. आज त्याच नावाखाली कंट्रीमॅन मिळते ती साडेचौदा फुटांच्या आसपास. नाव मात्र मिनीच. आमच्या गल्लीत ‘बारक्या’ नावाचा सव्वाशे किलोचा माणूस आहे, तसं.

आणि जी बिचारी खरंच लहान राहिली तिला आपले लोक हसतात. मारुतीची जिम्नी. 2023 ला पाच दारं लावून आली, पण 3985 मिलिमीटरवरच राहिली, रुंदी पण 1645 वरच ठेवली. इमानदार गाडी. तर आपल्याकडं तिला काय म्हणतात? “पोरींची थार.” जीभ झडत कशी नाही ह्यांची. उलट बोलेरोचं बघा, 2016 ला तिची पुढची-मागची चरबी छाटून चार मीटरच्या आत बसवली, टॅक्स वाचवायला. तेव्हा कुणी बोललं का, की बोलेरोची ओळख गेली? कोण बोलणार, सगळे सरपंच तिच्यात बसलेले.

दिखाव्याची तर आपल्या मातीतच खोड आहे. 2010 साली तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, आणि त्या कुठल्या रस्त्यावर चालवणार हे एकानंही विचारलं नव्हतं. आमच्या साडूचं खत-बियाणाचं दुकान आहे. नंबर प्लेटवर आकडे असे वळवलेत की 4141 चं ‘दादा’ झालंय. अरे तुला तुझ्या घरात कुणी दादा म्हणत नाही, मेव्हणी तर ‘अवो’ म्हणते! आणि पुढं तो लाईटचा पट्टा. रात्री समोरून आला की माणूस आंधळं व्हायचं. आणि मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, जसं काही हप्ता आशीर्वादानं फिटतोय. माझ्या काचेवर पण आहे ते. पण माझं बारीक अक्षरात आहे.

तर तुळजापूरला पोचलो. वाहनतळावर दोन्ही थार शेजारी शेजारी लावल्या. माझी त्याच्या बाजूला अशी दिसत होती जशी म्हशीशेजारी वासरू. मी मनाशी म्हणलं, दिसू दे. खरी कोण आहे ते माहितीय. मग साडूचं पोरगं आलं. सहावीत आहे. माझ्या गाडीत वाकून बघितलं, गिअरच्या बाजूला बघितलं, आणि सगळ्यांसमोर, देवीच्या दारात, मोठ्यानं विचारलं:

“काका, पप्पांच्या गाडीत फोर बाय फोर हाय. तुमच्यात कुठं हाय?”

आता हे कुठं बोलणार नव्हतो, पण निघालंच आहे तर घ्या. माझ्यात नाही. माझी 2023 ची मागच्या चाकावर चालणारी थार आहे, दीड लिटर डिझेल. चारी चाकं ओढणारी घ्यायला तेव्हा बजेट नव्हतं. जिथं फोर बाय फोरचा दांडा असतो तिथं माझ्यात एक खोबण आहे. त्यात मी बडीशेपेची पुडी ठेवतो. एकदाच रानात घातली होती, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, गड्याला दाखवायला. काळ्या रानात ती अशी बसली जशी पंगतीत पाटील. मामांच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. ट्रॅक्टरवर कोण होतं? साडू.

अजून एक आहे. सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आत आणि डिझेल दीड लिटरच्या आत असेल तर 18 टक्के, मोठ्यांना 40. म्हणजे सरकारच्या वहीत माझी थार ‘छोटी गाडी’. अल्टोच्या ओळीत. मी घेतली तेव्हा 31 टक्के भरलेत ते गेलेच, वर ‘छोटी’ हा शिक्का. साडूला 40 टक्के लागले आणि तो ते छातीवर पदक लावल्यासारखं सांगतो. “टॅक्सच येवढा भरलाव आमी,” म्हणे. टॅक्समधे पण हरलो.

तर त्या पोराला मी काय उत्तर दिलं? म्हणलं, “बाळा, खऱ्या ड्रायव्हरला दोन चाकं बास असतेत.” माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. पंजाबी ड्रेस होता, तरी कुठून तरी पदर काढला.

दर्शन झालं. परत निघताना साडूचा डबा, त्याच्या पिशव्या त्याच्या गाडीत गेल्या, बायको माझ्याकडं आली. जार मागं टाकला. ती बसली आणि पहिलं वाक्य: “मागं बसायला लई भारी वाटतंय वो त्यात.” मी गाडी काढली. रागात होतो हे कबूल. पोतं मामांच्या लातूरच्या भावाकडं टाकायचं होतं, त्या वस्तीवरच्या रस्त्याला गतिरोधकच इतके की मधे रस्ता कुठं आहे ते शोधावं लागतं, आणि एकाला पांढरा पट्टा असेल तर शपथ. मी एकही हळू घेतला नाही. मागं डबा खण्ण, खण्ण.

घरी आबा ओट्यावर बसलेले. आबांनी नव्वदच्या दशकात लातूर-मुरूड कमांडर जीप चालवलीय, सोळा-सोळा माणसं भरून, दोन मागं लोंबकळत, एक टपावर शेळीसकट. म्हणलं ह्यांना तरी पटंल. सगळं सांगितलं. दोन दारं, पाच दारं, हातभर लांबी, मांडी घालून बसणं, नमुना, सगळं. आबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “दारं काय मोजलालाव? आमच्या कमांडरची दारं मी पैल्या महिन्यातच काढून माळवदावर टाकली व्हती. पाशिंजरला चढायला येळ लागायचा.”

मग म्हणाले, डबा आण.

डबा उघडला. तेहतीसातले साबूत अनारसे अकरा. बाकी सगळा चुरा, वर खसखस वेगळी, खाली तांदळाचं वेगळं. बायको माझ्याकडं बघायला लागली. आबांनी चमचा मागितला, दोन चमचे चुरा तोंडात टाकला, चघळला, आणि माझ्या गाडीकडं बघून म्हणाले,

“न्हाई, जीपच हाय ही.”